मुलगी पटावर, आम्ही दाराबाहेर: स्पर्धेच्या दिवशी पालकांनी करायचं तरी काय?

मांजलपूरची_आई

नमस्कार. बडोद्यातल्या, किंवा एकूणच मुलांना बुद्धिबळाच्या स्पर्धांना नेणाऱ्या पालकांसाठी प्रश्न आहे. लांबलाय जरा, सांभाळून घ्या.

लेक साडेनऊ वर्षांची. सोसायटीतल्या एका आजोबांनी दुपारी बाकावर बसवून शिकवलं, मग नादच लागला. आता क्लासला जाते. मध्यंतरी जिल्ह्याची निवड स्पर्धा खेळली, अकरा वर्षांखालील मुलींमध्ये. घड्याळ लावून आणि डाव लिहून खेळायची तिची पहिलीच वेळ. आम्हा दोघांनाही खेळ बेताचाच येतो. घोडा अडीच घरं जातो इथपर्यंत माझी मजल. नवऱ्याची थोडी पुढे, कारण तो रोज रात्री मोबाइलवर खेळतो आणि रोज हरतो.

स्पर्धा एका शाळेच्या हॉलमध्ये होती. सुरुवातीला फोटो काढू दिले, मग पंचांनी सगळ्या आईबापांना बाहेर काढून दार लोटून घेतलं. त्या दाराला वरच्या बाजूला वीतभर काच आहे. तिथे जे चाललं होतं ते बघण्यासारखं. सगळे आळीपाळीने नाक लावून उभे. एक गृहस्थ बुटांच्या रॅकवर चढले आणि खाली उभ्या असलेल्या बायकोला धावतं वर्णन ऐकवायला लागले, "वजीर गयो! ना ना, हजु छे!"

तिसऱ्या फेरीत समोरच्या मुलीने घोडा उचलला, हवेत धरला, परत ठेवला आणि उंट खेळली. हात लावलेली सोंगटी खेळावीच लागते, हे आमच्या मुलीला तोंडपाठ. पण ऐन वेळी तोंडातून शब्द फुटला नाही. पुढे हत्ती गेला, डाव गेला. दारापर्यंत डोळे कोरडे होते. आम्हाला पाहिलं आणि बांध फुटला. नवरा तडक पंचांकडे. ते म्हणाले, तिने तेव्हाच हात वर करायला हवा होता, आता निकालावर दोघींच्या सह्या झाल्यात. त्यावरून थोडी बाचाबाची झाली. मग नवऱ्याने तिथेच जिन्यात बसून तिचा डाव ॲपमध्ये घातला आणि कुठे काय चुकलं ते दाखवायला घेतलं. ती स्क्रीनकडे तोंड करून बसली होती, एवढंच. डब्यातली पोळीभाजी तशीच परत आली. चौथा डाव तिने दहा मिनिटांत उरकला, हरली. पाचवा जिंकली, तेव्हा मात्र उड्या मारत बाहेर आली.

घरी सासूबाईंचं म्हणणं, "खेळ आहे की शिक्षा? पोरीला एवढं रडवून काय मिळवायचंय?" नवऱ्याचं म्हणणं, रडू दे, त्यातूनच घट्ट होईल. क्लासचे सर म्हणतात, मुलींच्या गटात अडकवू नका, ओपन, म्हणजे मुलामुलींच्या एकत्र गटात, खेळवा. आणि लेकीचं म्हणणं मला सगळ्यात लागलं. स्कूटरवरून येताना लालबागच्या पुलावर मागून म्हणाली, "आई, तू ये. पण काचेतून बघू नको. तू दिसलीस की मला वाटतं मी काहीतरी चुकीचं खेळले."

तर सांगा, दिवसभर आम्ही तिथे करायचं काय? दोन फेऱ्यांच्या मध्ये काय बोलायचं, डाव दाखवायचा की नाही? मुलीवर अन्याय झाला तर आम्ही तोंड उघडायचं की गप्प बसायचं? अहमदाबादला एका रेटिंग स्पर्धेत (जिच्या निकालांवरून खेळाडूच्या ताकदीचा आकडा, म्हणजे रेटिंग, ठरतं) नाव घातलंय, म्हणून घाई.

फियांचेटो_पप्पा

मुलगा बारा वर्षांचा, बरीच वर्षं खेळतोय, तेव्हा अनुभवाने सांगतो. डाव संपल्या संपल्या एंजिनवर, म्हणजे चुका दाखवणाऱ्या ॲपवर, घालायचा. डोक्यात ताजा असतो तो तेव्हाच. रात्री विचारलं की "आठवत नाही" हेच उत्तर येतं. तुमच्या मिस्टरांनी केलं ते बरोबर केलं. रडणं चार स्पर्धांत जातं.

गुकेशच्या वडिलांनी दवाखाना बाजूला ठेवून मुलाबरोबर जग पालथं घातलं, तेव्हा कुठे पोरगा १८ व्या वर्षी विश्वविजेता झाला. काचेतून बघू की नको असल्या चर्चा करून नाही झाला. आणि ओपनच खेळवा. रेटिंगवाले तिथेच भेटतात. अठराच्या आत के-फॅक्टर (रेटिंग किती वेगाने बदलतं तो आकडा) ४० असतो, म्हणजे एका विजयाने रेटिंग सपाट्याने चढतं. वर जायचं तर वय हेच.

दांडियाबझारचे_काका

ताई, मी पंच आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर पंचांची परीक्षा दिली. बायकोला वाटलं होतं आता शनिवार-रविवार हा माणूस घरात सापडेल, तो काही सापडत नाही. तुमच्या स्पर्धेत मी नव्हतो, त्यामुळे कोणाची बाजू घेतोय असं समजू नका.

आधी घोड्याचं बघू. हात लावलेली सोंगटी खेळायची हा अर्धा नियम झाला. उरलेला अर्धा क्लासमध्ये फारसा कोणी शिकवत नाही: समोरच्याने नियम मोडला तर तक्रार करायची ती आपण आपल्या सोंगटीला हात लावायच्या आधी. तुमच्या लेकीने पुढची चाल खेळायला हात लावला, तिथेच तक्रारीचा हक्क संपला. नंतर वडील आले काय आणि वकील आले काय. पंचाने स्वतः पाहिलं असतं तर तो बोलला असता, पण एकेका पंचाकडे एवढे पट असतात की प्रत्येक घोड्यावर नजर ठेवणं होत नाही.

तेव्हा अहमदाबादच्या आधी घरी एक तालीम करून घ्या. डाव मांडा, घड्याळ लावा. तुम्ही मुद्दाम घोडा उचला, परत ठेवा, उंट खेळा. तिने स्वतःचे हात पटापासून लांब ठेवायचे, घड्याळ थांबवायचं, हात वर करायचा आणि "सर!" म्हणून हाक मारायची. पंचाला बोलवायचं असेल तर खेळाडू घड्याळ थांबवू शकतो, हे बहुतेक पोरांना माहीतच नसतं. त्यांना वाटतं आपला वेळ जाईल, सर ओरडतील. आणि हाक ऐकू गेली पाहिजे. आपल्या घरांत मुलींना "हळू बोल, हळू बोल" इतकं घोकवलेलं असतं की हॉलमध्ये त्यांचा हात अर्धा वर येतो, कानापर्यंत, आणि तिथेच थांबतो. मी लांबून बघतो तेव्हा वाटतं मुलगी केस सावरतेय.

याहून जास्त डाव जातात ते भलत्याच गोष्टीत. मागच्या थंडीत सात वर्षांखालच्या गटात एका पोराने वजीर दणकन ठेवला आणि जाहीर केलं, "चेकमेट!" समोरच्याने लगेच हात पुढे केला. दोघांनी हात मिळवले, सोंगट्या परत मांडायला घेतल्या, निकालावर सह्या ठोकल्या. मात झालीच नव्हती. राजाला कोपऱ्यात एक घर मोकळं होतं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला ते दिसत होतं आणि ती बिचारी ओठ दाबून बसली होती, कारण दुसऱ्याच्या डावात बोलायची तिला बंदी. सही झाली की चुकीचा असला तरी तोच निकाल धरला जातो, पंचाने काही वेगळं ठरवलं तरच बदलतो. म्हणून "चेकमेट" ऐकलं की हात मांडीखाली घालायचे आणि राजाच्या भोवतालची सगळी घरं एकेक करून बघायची. खात्री नसेल तर परत तेच: घड्याळ थांबव, हात वर कर. सही करायच्या आधी १-० लिहिलंय की ०-१, तेही वाचायचं. जिंकलेली पोरं आनंदाच्या भरात हरल्याच्या कागदावर सही करून येतात, आणि बाहेर आईने पेढे वाटलेले असतात.

आईबापांच्या तोंडाविषयी. प्रेक्षकाला काही गैर दिसलं तर त्याने फक्त पंचाच्या कानावर घालायचं. खेळाडूशी बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत; ढवळाढवळ केली तर पंच बाहेर काढू शकतो. आणि खोकला आम्हाला कळतो हो. ज्या वडिलांना दिवसभरात एकदाही खोकला येत नाही, त्यांना नेमका मुलाचा वजीर अडकल्यावर येतो.

आता तुमच्या मिस्टरांचा जिना. फियांचेटोभाऊ, "ताजा असतो" हे काही पटलं नाही. डाव लिहिलेला असतो ना? कार्बनखालची प्रत मुलांकडेच राहते. ती रात्रीपर्यंत शिळी होत नाही. पुढच्या फेरीला समोर दुसराच कोणी बसणार, बहुतेक वेळा सोंगट्यांचा रंगही बदलणार. दुपारी एंजिन जे सांगतं त्यातलं पुढच्या तासाला कामाला येईल असं काही नसतं. कामाला येतं ते पोटात गेलेलं अन्न आणि जिन्यावरून दोनदा खालीवर पळून आलेले पाय. या स्पर्धा स्विस पद्धतीच्या असतात. हरला म्हणून कोणी बाहेर जात नाही, पुढच्या फेरीत साधारण तेवढेच गुण असलेला समोर येतो. म्हणजे हरल्यानंतरची फेरी ही सावरायची फेरी. तीच पोरं रडून, उपाशी, आईबापांचं ऐकून घेऊन खेळायला बसतात. तुमच्या लेकीचा चौथा डाव जिन्यातच गेला असणार.

गुकेशचं उदाहरण सगळे देतात, अर्धंच देतात. वडील रजनीकांत कान-नाक-घशाचे सर्जन, त्यांनी काम बाजूला ठेवून मुलाबरोबर फिरायला सुरुवात केली, खरं आहे. पण आई पद्मा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. ती नोकरीवर टिकून राहिली म्हणून घर चाललं. आणि तुमच्या एंजिनाविषयी: त्याचे तेव्हाचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी त्याला ग्रँडमास्टर होण्याच्या वाटेवर एंजिनपासून लांब ठेवलं होतं, हे त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. स्वतःच्या डोक्याने चाल शोधायची सवय लागावी म्हणून.

ग्रँडमास्टर प्रज्ञानंदच्या आईचंही बघा. नागलक्ष्मी त्याच्याबरोबर परदेशी जातात त्या कुकर घेऊन, रसमभात करून घालतात. २०२३ साली बाकूच्या विश्वचषकात त्यांचा एक फोटो गाजला, आठवत असेल. पोरगा पत्रकारांशी बोलतोय आणि या बाजूला उभ्या राहून त्याच्याकडे बघतायत. आमच्या हॉलबाहेरच्या आया पाहतो तेव्हा मला तो फोटो आठवतो. पोरगं बाहेर आलं की यांची नजर पहिली त्याच्या हातातल्या कागदावर जाते.

ओपनचं. मुलींनी कुठे खेळायचं हा वाद आपल्याकडे फार आधी लढून झालाय. खाडिलकर भगिनी: वासंती, जयश्री, रोहिणी. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली झाली, ती वासंतीने जिंकली. १९७६ मध्ये रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा ती अवघी १३ वर्षांची. केवढा गदारोळ! प्रकरण कोर्टात गेलं, आणि जागतिक संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स यूव यांनी सांगितलं की बाई म्हणून कोणाला अडवता येणार नाही. त्या मुलींच्या मागे वडील उभे होते, 'नवाकाळ'चे नीलकंठ खाडिलकर. आईबापांनी भांडायचंच असेल तर ते असल्या गोष्टीसाठी, अर्ध्या उचललेल्या घोड्यासाठी नाही. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ च्या जुलैत बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला, अंतिम लढतीत कोनेरू हंपीला हरवून, आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टर झाली. तुमच्या लेकीला तिचे डाव दाखवा, हवं तर एंजिनवर.

तुमच्यापुरतं सांगायचं तर, निवड स्पर्धा मुलींच्या गटातून खेळू दे, राष्ट्रीयला जायची वाट तिथून आहे. रेटिंग स्पर्धा बहुतेक सगळ्यांना खुल्याच असतात, तिथे दाढीमिशीवाले काकाही भेटतील. भेटू दे. रेटिंगची मात्र वाट बघत बसू नका. मार्च २०२४ पासून खालची मर्यादा १४०० केलीय. रेटिंगवाल्यांशी निदान पाच डाव हवेत आणि त्यातून १४०० च्या वर आकडा निघायला हवा, तेव्हा यादीत नाव येतं. आधी ही मर्यादा १००० होती, म्हणून जुने पालक "आमच्याला तर लगेच मिळालं" म्हणतात. त्यांचं ऐकून तुम्ही कष्टी होऊ नका.

फियांचेटो_पप्पा

काका, विष्णू प्रसन्नांचं मान्य. पण मांजलपूर-वाघोडिया रोडला विष्णू प्रसन्ना कुठे मिळतात तेही सांगा. चांगला कोच तासावर पैसे घेतो, एंजिन फुकट आहे. मी दिवसा दुकानात, डाव बघायला मला वेळ मिळतो तो दोन फेऱ्यांच्या मधलाच. सगळ्यांकडे बँकेची पेन्शन नसते.

(कार्बन कॉपीचं मात्र खरं आहे.)

दांडियाबझारचे_काका

पेन्शनवर आलात म्हणजे बाकीचं पटलेलं दिसतंय. तुमची अडचण खरी आहे, चेष्टा करत नाही. मग असं करा, दुकान बंद झाल्यावर रात्री दहा मिनिटं त्याला सांगा, "तू मला शिकव." एंजिन बंद ठेवून त्याने आधी सांगायचं, मला कुठे भीती वाटली, कुठे घाई केली. मग लावा एंजिन. तुम्हाला काही येत नसलं तरी चालतं यात. उलट येत नसलं तर जास्त चालतं.

सुरसागरकाठची

मी खेळलेली मुलगी, आता एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकते. २०१० च्या डिसेंबरात अहमदाबादला तो मोठा महोत्सव झाला होता ना, एकाच वेळी २०,४८० जण पटावर बसले होते आणि विश्वनाथन आनंदही आला होता, त्या गर्दीत मीही होते. नीट खेळताही येत नव्हतं. मांडव संपतच नाही एवढंच आठवतंय.

पोरांच्या बाजूने सांगते. आमचे पप्पा हरल्यावर रागवायचे नाहीत. काहीच बोलायचे नाहीत. अहमदाबादहून निघालं की नडियाद मागे पडेपर्यंत गाडीत शांतता. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं, असं वाटायचं. म्हणून "गप्प राहा" असा सल्ला कोणी दिला तर जपून घ्या. मुलांना गप्प बसण्याचे प्रकार ओळखू येतात.

आईचं वेगळं होतं. ती दारापासून लांबचा बाक पकडायची आणि महिला मंडळाच्या फराळाचे हिशेब घेऊन बसायची. चकली इतके किलो, अनारसे इतके, कोणाचे पैसे राहिले. मी बाहेर आले की मान वर करून आधी "ही बेरीज बघ गं" म्हणायची. मला जाम हायसं वाटायचं. हिचा दिवस माझ्या डावावर टांगलेला नाही, हे कळायचं. मांजलपूरच्या ताई, काचेतून बघायचं नाही तर करायचं काय, असं विचारलंत ना? तुमचं स्वतःचं काहीतरी काम घेऊन जा. मोबाइल नको, मोबाइलमध्ये डोकं घातलेली आई आणि वाट बघणारी आई लांबून सारखीच दिसते.

आमची एक खूण होती. डावाचा कागद मी चार घड्या करून आईच्या हातात दिला, तर विचारायचं नाही. उघडा दिला, तर विचारायचं. जिंकूनही कधी कधी घड्या करून द्यायचे, कारण घाणेरडी खेळून जिंकलेली असायचे. हरूनही उघडा द्यायचे. निकाल तिला शेवटी दुसऱ्याच आयांकडून कळायचा.

डब्याबद्दल: पोळीभाजी बसून खायला लागते, त्या धामधुमीत होत नाही. थेपले, दहीभात, केळं, सुखडी. आणि एक पातळ स्वेटर. एसी हॉल असला तर तिसऱ्या तासाला बोटं गार पडतात.

राजवाडा_इंदूर

बडोद्याच्या चर्चेत इंदूरहून नाक खुपसते. धाकट्यांचं काय ते कोणीच लिहिलं नाही. आमचा मोठा खेळतो आणि पाच वर्षांचा धाकटा प्रत्येक स्पर्धेला फरफटत येतो. दादा हरला की आईबाबांची तोंडं उतरतात, दादा जिंकला की आइस्क्रीम. म्हणजे याच्या आइस्क्रीमचा निर्णय दादाच्या घोड्यावर! आता आम्ही आइस्क्रीम सकाळीच ठरवून टाकतो, निकाल काहीही लागो. आणि दोघांपैकी एकच जण स्पर्धेला जातो, दुसरा धाकट्याला घेऊन पोहायला. रविवार त्याचाही असतो.

मांजलपूरची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तालीम सुरू केलीय. गंमत म्हणजे सगळ्यात उत्साह सासूबाईंना. त्यांना चाली येत नाहीत, पण घोडा उचलून परत ठेवायचा आणि साळसूद चेहऱ्याने उंट सरकवायचा, एवढं काम त्यांनी मागून घेतलंय. काल तर त्यांनी उंट सरळच चालवला. लेकीने घड्याळ थांबवून "सर!" अशी हाक मारली की शेजारच्या बेन दारात आल्या. "खेळ आहे की शिक्षा" हे वाक्य या आठवड्यात ऐकू आलेलं नाही.

नवऱ्याने जिन्यातलं एंजिन सोडायचं कबूल केलंय, पण त्याचं म्हणणं, जेवणानंतर लगेच चालेल ना? मी म्हटलं, हॉटेलवर परत आल्यावर. घड्यांची आयडिया लेकीला इतकी आवडली की शाळेतल्या चाचणीचा पेपरही तिने परवा चार घड्या करून दिला. उघडलेला नाही अजून.

दोन बारीक शंका आहेत. एक, शनिवारी सकाळी तिची शाळेची तोंडी परीक्षा आहे, पहिल्या फेरीला पोचणं जमणार नाही. अर्ध्या गुणाचा बाय, म्हणजे ती फेरी न खेळता अर्धा गुण, मिळतो असं कोणीतरी म्हणालं, तो कोणाकडे मागायचा? दोन, मामाने वाढदिवसाला स्मार्टवॉच दिलंय, ते घालून बसायचा हट्ट आहे. पिशवीत ठेवलं तर चालेल का?

दांडियाबझारचे_काका

सासूबाईंना नमस्कार सांगा. उंट सरळ चालवला ती नियमबाह्य चाल झाली. मोठ्या वेळेच्या डावात पहिल्यांदा असं झालं तर समोरच्याला दोन मिनिटं वाढवून मिळतात, दुसऱ्यांदा झालं तर डाव जातो. हेही तालमीत घ्या, सासूबाईंना दोनदा संधी आहे.

स्मार्टवॉच घरी ठेवा. खेळायच्या जागेत अंगावर असलं कुठलंही यंत्र सापडलं तर डाव हरल्याचा निकाल लागतो, मग ते चालू असो वा बंद. काही स्पर्धांत बंद करून पिशवीत ठेवायची मुभा असते, पण नऊ वर्षांच्या पोराला पिशवी कुठे ठेवली हेच आठवत नाही, तेव्हा त्या भानगडीत पडू नका. मामाला सांगा पुढच्या वेळी चांगली दोन पेनं दे.

बायचं स्पर्धेच्या परिपत्रकात लिहिलेलं असतं. काही ठिकाणी देतात, काही ठिकाणी नाही. देतात तिथेही सहसा शेवटच्या फेऱ्यांना नसतो आणि आधी कळवावं लागतं. आजच आयोजकांना लेखी पाठवा, फोनवर बोललेलं त्या गडबडीत कोणाच्या लक्षात राहत नाही. नुसतं न जाणं म्हणजे बाय नव्हे. न कळवता गैरहजर राहिलात तर तो गुण समोरच्याला जातो, आणि पुढच्या फेऱ्यांच्या जोड्यांतूनही नाव काढलं जाऊ शकतं.

त्या स्पर्धेला पंच म्हणून माझंही नाव आहे. बाहेर खुर्च्या कमी पडतात, घडीची एखादी घेऊन या. आत ओळख दाखवू नका, मीही दाखवणार नाही. जेवणाच्या सुट्टीत सुखडी चालेल.